एरर आली की कीबोर्ड मुलांकडेच राहू द्या



पोस्ट मोठी आहे. शुक्रवारी सकाळी निवांत चहा घेताना वाचलीत तरी चालेल.

आपल्या पालकांच्या ग्रुपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. "पायथॉनची चांगली ट्यूशन सुचवा." "लेकाचा प्रोजेक्ट रन होत नाहीये, उद्या सबमिशन आहे, कोणी बघेल का?" "मुलीला कोडिंग जमतच नाही, अकरावीला विषय बदलू का?" वरवर तीन वेगळे प्रश्न दिसतात, पण मूळ एकच आहे. प्रोग्राम लिहायला मुलांना शिकवलेलं असतं. तो अडला की पुढे काय करायचं, हे मात्र कोणी बसून शिकवलेलं नसतं.

माझं मत आधीच स्पष्ट सांगते. मुलाचा प्रोग्राम अडला तर तो आपण दुरुस्त करून द्यायचा नाही. ट्यूशनच्या सरांनीही द्यायचा नाही, आणि एआयला तर पहिल्या फेरीत हातच लावू द्यायचा नाही. एरर मुलाने वाचायची, कारण मुलाने शोधायचं, कीबोर्डही त्याच्याच हातात. आपण शेजारी बसून चार नेमके प्रश्न विचारायचे. यासाठी तुम्हाला स्वतःला पायथॉन यायलाच हवं असं मुळीच नाही. उलट ज्यांना येतं त्यांचाच हात जास्त शिवशिवतो, दोन मिनिटांत दुरुस्त करून मोकळे होतात आणि पोर होतं तिथेच राहतं.

आता हे असं का म्हणते, ते सविस्तर.

*बोर्डालाही हेच हवंय*

सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला पूर्वी सी प्लस प्लस असायचं, आता पायथॉन आहे. बारावीला ७० गुणांचा लेखी पेपर आणि ३० गुणांचं प्रॅक्टिकल. जुने पेपर काढून बघा, एक प्रश्न वारंवार दिसेल: चुका असलेला छोटा प्रोग्राम छापलेला असतो, तो दुरुस्त करून लिहायचा आणि केलेली प्रत्येक दुरुस्ती अधोरेखित करायची. म्हणजे चूक शोधणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तेही कागदावर, जिथे लाल अक्षरं दाखवायला मशीन नाही. वर्षभर ज्याच्या चुका दुसऱ्यांनी शोधून दिल्या, त्याने तिथे काय करायचं?

*हे काम आपण रोज करतो*

"आम्हाला कुठे कोडिंग येतं?" असं बरेच आई-बाबा म्हणतात. पण अडलेली गोष्ट सोडवणं हे तर आपल्यापैकी बहुतेकांचं पोटापाण्याचं काम आहे.

सोहारला प्लांटवर असाल तर पंप चालू होत नाही म्हणून तुम्ही लगेच नवा पंप मागवत नाही. सप्लाय आहे का, ब्रेकर पडलाय का, व्हॉल्व्ह उघडा आहे का, असं एकेक कारण बाद करत जाता. अकाउंट्समध्ये असाल तर ट्रायल बॅलन्स जुळला नाही की फरकाला ९ ने भाग जातो का ते आधी बघता. गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असेल, ५४ च्या जागी ४५ पडले असतील असा संशय घेता. नर्स असाल तर मॉनिटरचा अलार्म वाजल्यावर आधी पेशंटकडे बघता, मग वायर निघालीय का ते तपासता. आणि घरी इडली फुगली नाही तर? पीठ आंबलं नाही, डाळ कमी पडली, की पाणी जास्त झालं? पुढच्या वेळी तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर इडली कदाचित फुगेलही, पण बिघडलं कशामुळे होतं ते कधीच कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा.

प्रोग्राम दुरुस्त करायची रीत हीच आहे. फक्त पंपाच्या जागी पायथॉन.

*एरर खालून वर वाचायची*

प्रोग्राम अडला की स्क्रीनवर लाल मजकूर येतो, त्याला ट्रेसबॅक म्हणतात. मुलं तो बघतात आणि खिडकीच बंद करतात, कारण लाल रंग म्हणजे शेरा, लाल रंग म्हणजे गुण गेले, हे शाळेने डोक्यात बसवलेलं असतं. खरं तर त्या मजकुरात तीन कामाच्या गोष्टी असतात: चूक कोणत्या प्रकारची आहे, कितव्या ओळीवर आहे, आणि एका वाक्यात काय बिनसलंय.

वाचायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून करायची. चुकीचं नाव आणि कारण तिथेच असतं. मग वर सरकून ओळीचा नंबर बघायचा. एवढं केलं तरी शाळेतल्या प्रोग्रामच्या बऱ्याचशा अडचणींचा माग लागतो.

लॅपटॉपवर पायथॉन जुनं असेल तर नवीन टाकून घ्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून एररची भाषा बरीच सुधारली आहे. कंस उघडा राहिला तर "हा कंस बंदच झाला नाही" असं सांगून त्या कंसावर बोट ठेवते. नाव चुकलं तर "तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का?" असंही विचारते. आधीच्या आवृत्त्यांत कंस पाचव्या ओळीत राहायचा आणि एरर सहावी ओळ दाखवायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नव्या आवृत्तीतही असं कधीकधी होतं, म्हणून नियमच करून टाका: दाखवलेली ओळ बघायची आणि तिच्या वरचीही बघायची.

*नेहमी भेटणाऱ्या अडचणी*

शनिवारी आमच्या बिल्डिंगमधली चार-पाच मुलं माझ्याकडे पायथॉन करायला बसतात. फिरून फिरून याच गोष्टी येतात. इंग्रजी नावं मुद्दाम देवनागरीत लिहितेय, म्हणजे मुलाच्या शेजारी बसून मोठ्याने वाचता येतील.

१. नेम एरर. मशीन म्हणतं, हे नाव मला माहीत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा एकीकडे कॅपिटल आणि दुसरीकडे स्मॉल अक्षर असतं. पायथॉनला ती दोन वेगळी नावं वाटतात. जाता जाता एक गंमत: पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला चक्क मराठी नाव देता येतं. "वय", "गुण", "आजी" सगळं चालतं. एखाद्या शनिवारी मुलांना करून बघू द्या, मराठी वाचायचा सरावही होतो.

२. इंडेंटेशन एरर. पायथॉनमध्ये ओळीच्या आधी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. "जर असं असेल तर" याच्या खाली जे करायचं ते आत सरकवून लिहावं लागतं. जागा कमी-जास्त झाली, किंवा कुठे टॅब आणि कुठे स्पेस असं मिश्रण झालं, की प्रोग्राम थांबतो.

३. सिंटॅक्स एरर. म्हणजे व्याकरणाची चूक. "इफ"च्या शेवटी अपूर्णविराम राहिला, कंस किंवा अवतरण बंद झालं नाही, तुलना करताना दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच दिलं. यात दोन छुपे प्रकार आहेत. पहिला, मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वर्ड फाइलमध्ये पाठवलेला कोड. त्यातली अवतरणचिन्हं बऱ्याचदा वळणदार झालेली असतात, डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण पायथॉनला ती चालत नाहीत. "इनव्हॅलिड कॅरॅक्टर" असं आलं की ती चिन्हं खोडून हाताने टाइप करायची. दुसरा प्रकार खास आपल्या भागातला. इथे घेतलेल्या लॅपटॉपवर बहुतेकदा अरबी कीबोर्डही असतो. ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की भाषा बदलते आणि अरबी अक्षरं उमटायला लागतात. लहान मुलांना वाटतं लॅपटॉप बिघडला. पुन्हा तीच बटणं दाबली की जागेवर येतं.

४. टाइप एरर. मुलाने वय विचारणारा प्रोग्राम लिहिला, त्यात १ मिळवायला गेला आणि एरर आली. कारण कीबोर्डवरून आलेली प्रत्येक गोष्ट पायथॉन मजकूर समजतं. "१२" हा त्याच्यासाठी बारा नसून एक आणि दोन अशी दोन अक्षरं आहेत. आकडा हवा असेल तर तसं सांगून बदलून घ्यावं लागतं. याचीच बिनआवाजाची बहीण म्हणजे ५ आणि ५ ची बेरीज ५५ येणं. तिथे एररही येत नाही.

५. मॉड्यूल नॉट फाउंड. "इन्स्टॉल केलं, यशस्वी म्हणून आलं, तरी सापडत नाही म्हणतोय." बहुतेकदा लॅपटॉपवर दोन पायथॉन असतात. पॅकेज एकात गेलेलं असतं आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालत असतो. आधी एकूण किती पायथॉन आहेत आणि एडिटर त्यांतलं कोणतं वापरतोय ते बघायचं.

६. स्वतःच्याच फाइलचं नाव. मूल टर्टल वापरून चित्र काढायला शिकतं आणि फाइललाही "टर्टल" असंच नाव देतं. मग पायथॉन खरं टर्टल सोडून मुलाचीच फाइल उघडतं आणि "यात असं काही नाहीच" म्हणतं. "रँडम" नावाचंही तसंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाइलचं नाव बदललं की काम झालं.

७. फाइल नॉट फाउंड. फाइल समोर दिसतेय आणि पायथॉन नाही म्हणतंय. एक तर ती दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे, नाहीतर विंडोज नावाचं शेपूट लपवतं आणि मुलाने ते पुन्हा हाताने लावल्यामुळे नावाला दोन शेपट्या झाल्यात. विंडोजमध्ये शेपूट दाखवायची सेटिंग एकदा चालू करून ठेवा. आणि फाइलमध्ये मराठी मजकूर असेल, वाचताना अगम्य चिन्हं किंवा युनिकोडची एरर आली, तर फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-८" आहे असं स्पष्ट सांगावं लागतं.

८. जुन्या धड्यातला कोड. "पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिलं तरी चालत नाही." पुस्तकात किंवा व्हिडिओत "प्रिंट"च्या पुढे कंस नसेल तर तो पायथॉन २ चा कोड आहे. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० लाच संपला. धडा बदला, मुलाला दोष देऊ नका.

*ज्या चुका बोलत नाहीत*

वरच्या सगळ्या चुका तरी बऱ्या, ओरडून सांगतात. खरी परीक्षा असते ती गप्प बसणाऱ्या चुकांची. प्रोग्राम चालतो, लाल काही नाही, उत्तर मात्र चुकीचं.

सर्वांत साधं उदाहरण पाढ्याचं. २ चा पाढा छापायला सांगितला तर १८ वर थांबला. कारण "१ ते १०" असं लिहिलं की पायथॉन शेवटचा १० धरत नाही. मुलाला पाढा पाठ असेल तर त्याला हे लगेच खटकेल. उत्तर काय यायला हवं हे आधीच माहीत असणं किती कामाचं असतं, ते इथे दिसतं.

आता इथल्या आयुष्यातलं उदाहरण घ्या. मुलगी "आज सुट्टी आहे का" असं सांगणारा प्रोग्राम लिहिते. पायथॉन सोमवारला ० धरतं आणि रविवारला ६. नेटवरच्या धड्यात लिहिलेलं असतं, वार ५ किंवा त्याहून मोठा असेल तर वीकेंड. ती तसंच लिहिते आणि प्रोग्राम व्यवस्थित चालतो. पण ओमानमध्ये २०१३ पासून वीकेंड शुक्रवार-शनिवार आहे, म्हणजे ४ आणि ५. हा प्रोग्राम शुक्रवारी तिला शाळेत पाठवेल आणि रविवारी घरी ठेवेल. दुबईतल्या मावसभावाकडे हाच प्रोग्राम सुरळीत चालेल, कारण तिकडे २०२२ पासून शनिवार-रविवार झालंय. ही चूक पायथॉनला दिसणार नाही. इथे राहणाऱ्या, रविवारी सकाळी स्कूलबसची वाट बघणाऱ्या पोरीलाच दिसेल.

तसंच पैशांचं. रियालमध्ये हिशोब करताना ०.१ आणि ०.२ मिळवले तर पायथॉन ०.३ न देता ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी देतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का विचारलं तर "नाही" म्हणतं. दशांश अपूर्णांक मशीन आतल्या आत दोनच्या पटीत साठवतं, त्यात ०.१ नेमका मावत नाही, म्हणून असं होतं. उपाय आपल्या खिशातच आहे: १ रियाल म्हणजे १००० बैसा. सगळा हिशोब बैसांत, पूर्ण आकड्यांत करायचा आणि शेवटी छापताना रियाल करायचे. ज्या मुलाने दुकानात बैसा मोजलेत त्याला ही युक्ती पटकन कळते.

आणि माझं सर्वांत आवडतं उदाहरण आपल्या भाषेतलं. शाळेत एक ठरलेला प्रोग्राम असतो: शब्द उलटसुलट वाचला तरी तोच येतो का ते ओळखा. इंग्रजी शब्दांवर तो झकास चालतो. त्याला "नयन" द्या, बरोबर सांगेल. आता "नवीन" द्या. आपल्याला दिसतं, न-वी-न, उलटं वाचलं तरी तेच. प्रोग्राम म्हणेल "नाही". कारण त्याच्या लेखी "वी" हे एक अक्षर नाही. व वेगळा आणि वेलांटी वेगळी. उलटा केला की वेलांटी न ला जाऊन चिकटते आणि "नीवन" असा शब्द होतो. "मस्कत"ची लांबी विचारली तर ३ येत नाही, ५ येते, कारण म, स, हलन्त, क आणि त. कोड इंग्रजीच्या हिशोबाने बरोबर आहे आणि मराठीच्या हिशोबाने चुकीचा. हे ओळखायला पायथॉनपेक्षा मराठी जास्त यावी लागते. मराठी कशाला शिकायची असं विचारणाऱ्या पोरांपुढे हे ठेवून बघा.

*घरी काय करायचं*

मुलगा किंवा मुलगी "चालत नाहीये" म्हणत आली की शेजारी बसा आणि क्रमाने विचारा.

– शेवटची ओळ मोठ्याने वाच. काय म्हणतेय?
– कितवी ओळ? त्या ओळीत काय आहे आणि तिच्या वर काय आहे?
– शेवटचं नीट चाललं तेव्हापासून तू काय बदललंस?
– काय व्हायला हवं होतं आणि काय झालं?
– अर्ध्यावर एक "प्रिंट" टाक. तिथपर्यंत आकडा बरोबर आहे का? असेल तर चूक खालच्या अर्ध्यात, नसेल तर वरच्या.

शेवटचा प्रश्न तर कोणताही इलेक्ट्रिशियन ओळखेल. लाइन कुठे तुटलीय हे शोधताना तो मधोमध टेस्टर लावतो, तसंच हे.

यातलं उत्तर तुम्हाला कळलं नाही तरी हरकत नाही. सांगता सांगता मुलाला स्वतःलाच चूक सापडते. प्रोग्रामर मंडळी यासाठी टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्याला ओळीन्‌ओळ समजावून सांगतात. आपल्याकडे बदकापेक्षा चांगली सोय आहे. भारत आपल्या दीड तास पुढे आहे, संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे आठ वाजलेले असतात. आजीला सांगू दे, "ही ओळ काय करते, मग ही काय करते." आजीला पायथॉन कळत नाही हे इथे उपयोगाचंच आहे. ती "म्हणजे काय रे?" असं विचारेल आणि तिथेच पोरगं अडखळेल. अडखळतं तिथेच बहुतेकदा चूक असते. शिवाय आजीशी मराठीत दहा मिनिटं बोलणं होतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट, चुकांची एक वही करा. तारीख, एरर काय आली, कारण काय निघालं, एवढंच. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू संगणकात एक पतंग अडकला होता. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ व कितव्या रिलेत सापडला तो नंबरही लिहिला. "बग" शब्दाची ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातली नोंदवही महत्त्वाची वाटते. तीच एरर तिसऱ्यांदा आली आणि मुलाने वही उघडून स्वतः सोडवली की त्याचा चेहरा बघा.

तिसरी गोष्ट, वेळ ठरवा. वीस मिनिटं स्वतः झगडायचं, मग मदत मागायची. तासन्‌तास रडवत बसवायचं असं मी म्हणत नाही. आणि उद्या सबमिशन असेल, रात्रीचे अकरा वाजले असतील, तर सरळ मदत करा आणि झोपू द्या. शिकवणी वीकेंडला.

ट्यूशनलाही माझा विरोध नाही. फक्त फी भरायच्या आधी एक प्रश्न विचारा: "मुलाला एरर आली की तुम्ही काय करता?" सर म्हणाले "मी लगेच सॉल्व्ह करून देतो", तर दुसरे सर बघा.

*एआय आहे ना, मग कशाला?*

हा प्रश्न मला मुलांपेक्षा बाबा लोक जास्त विचारतात. एरर कॉपी केली, पेस्ट केली, दुरुस्त कोड आला. मग वीस मिनिटं कशाला घालवायची?

एआय वापरू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः ऑफिसात वापरते. पण वरचं वीकेंडचं उदाहरण आठवा. तिथे एररच नव्हती, पेस्ट काय करणार? प्रोग्राम कुठल्या देशासाठी आहे, मुलीच्या मनात काय होतं, हे न सांगता मशीनला कळत नाही. आणि नेमकं काय चुकतंय हे शब्दांत मांडायला चूक आधी स्वतःला दिसावी लागते. मिळालेलं उत्तर बरोबर आहे की नुसतं बरोबर दिसतंय, हे तपासायलाही तीच नजर लागते.

म्हणून क्रम ठेवा. आधी स्वतः वाचायचं. मग एआयला विचारायचं ते असं: "या एररचा अर्थ साध्या शब्दांत सांग, दुरुस्त कोड देऊ नकोस." दुरुस्ती आपल्या हाताने. परीक्षेच्या हॉलमध्ये तेच हात बरोबर असणार आहेत.

*एवढा आग्रह का*

शेवटी मनातलं सांगते. आपण इथे कायमचे नाही, हे आपल्याला माहीत आहे. आपला व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. आपली बरीच मुलं बारावी झाली की सतरा-अठराव्या वर्षी एकटी पुण्याला, मुंबईला नाहीतर आणखी कुठे जातात. ज्या देशाला आपण घर म्हणतो तिथे ती फक्त सुट्टीत राहिलेली असतात. इथे आपण त्यांना दारात बस, हातात डबा आणि प्रत्येक अडचणीला एक फोन नंबर दिलेला असतो. तिकडे हॉस्टेलमध्ये रात्री असाइनमेंट अडेल, बँकेचं अ‍ॅप उघडणार नाही, रेल्वेचं तिकीट वेटिंगवर राहील. तेव्हा आपण समुद्रापलीकडे असू.

त्या वेळी पायथॉन आठवेल की नाही, माहीत नाही. पण "लाल अक्षरं दिसली तर खिडकी बंद करायची नाही, काय लिहिलंय ते आधी वाचायचं, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची" ही सवय अंगात मुरलेली असेल तर पोर तिथे निभावून नेईल. ती सवय लावायला इथली काही वर्षंच आपल्या हातात आहेत. आणि पायथॉन हे ती लावायचं फार स्वस्त साधन आहे. चुकलं तर काही जळत नाही, काही सांडत नाही, कोणाचे पैसे बुडत नाहीत.

मुलीला "जमत नाही" म्हणून अकरावीला विषय बदलायच्या विचारात असलेल्या आईला माझं एवढंच सांगणं आहे: तिला एकदा विचारा, लिहिताच येत नाही की एरर आली की भीती वाटते? दुसरं असेल तर विषय बदलू नका. दोन महिने शेजारी बसा. दिवसभर एरर येतात त्या आम्हा नोकरी करणाऱ्यांनाही. आम्ही त्या वाचतो, एवढाच फरक आहे.

तुमच्या घरात कोणती एरर सारखी पाहुणी येते, ते खाली लिहा. मस्कत, सोहार, सलाला, निझवा, कुठूनही लिहा. मुलाने ती कशी सोडवली तेही लिहा, पण सोडवलेली त्यानेच असू द्या.